लो रिस्क रिपोर्टातला ०.३२: डबल मार्करमधून दिसलेली वारेची कमजोरी

फाइलीत वरच रिपोर्ट होता, डबल मार्करचा, म्हणजे गरोदरपणाच्या सुरुवातीला बाळातल्या डाऊन सिंड्रोमची शक्यता सांगणाऱ्या रक्तचाचणीचा. हिरवी पट्टी, 'लो रिस्क', डाऊन सिंड्रोमची शक्यता १:४२००. खाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या: फ्री बीटा एचसीजी ०.८२ एमओएम, पॅप-ए ०.३२ एमओएम. दोन्ही वारेतून (प्लॅसेंटातून) आईच्या रक्तात येणारी प्रथिने. हिरवी पट्टी सगळ्यांनी पाहिली, खालची ओळ साडेतीन आठवडे कोणी वाचली नाही.

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे, ते कुणा एका बाईचे नाही. पण त्यातली प्रत्येक चूक रोजच्या कामातली आहे आणि आकडे एकमेकांना धरून आहेत.

रुग्ण २४ वर्षांची, दिंडोरी तालुक्यातली, पहिलटकरीण. वजन ४६ किलो, उंची १५० सेंमी. हंगामात द्राक्षांच्या पॅकहाऊसवर काम, नवरा अंबडच्या एमआयडीसीत. पाळीची तारीख विचारली तर उत्तर "शिवजयंतीला आली होती". अशी सणाला बांधलेली तारीख सहसा पक्की असते, पण पाळीची तारीख पक्की असली म्हणजे गर्भधारणेची तारीख पक्की असतेच असे नाही. बीज उशिरा सुटले तर बाळ पाळीच्या हिशेबापेक्षा लहान असते. इथे तेच होते. पाळीवरून १३ आठवडे १ दिवस झाले होते, तर एनटी स्कॅनमध्ये (याच आठवड्यांतली सोनोग्राफी) सीआरएल, म्हणजे बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, ५७ मिमी, म्हणजे १२ आठवडे २ दिवस. सहा दिवसांचा फरक.

रक्त गावाजवळच्या संकलन केंद्रात घेतले. फॉर्मवर पाळीची तारीख लिहिली, सीआरएलचा रकाना कोरा ठेवला. वजनाच्या रकान्यात ४६ ऐवजी ६४ पडले. तंबाखूपुढे 'नाही' अशी खूण.

पंधरा आठवडे पाच दिवसांना ती शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यात आली, तेव्हा कुणीतरी ती खालची ओळ वाचली.

०.३२ म्हणजे नेमके किती

एमओएम म्हणजे मध्यकाचे पट. गरोदरपणाच्या त्याच दिवसाच्या, त्याच वजनाच्या बायकांचा मधला आकडा १ धरला, तर हिचा आकडा त्याच्या किती पट, एवढाच अर्थ. रक्तातला मूळ आकडा बदलत नाही. भागाकाराच्या खालचा आकडा आपण फॉर्ममध्ये काय भरतो त्यावर ठरतो. म्हणून एमओएम कमी दिसला की पहिले काम घाबरण्याचे नाही आणि औषध लिहिण्याचेही नाही. फॉर्म मागवायचा आणि तीन गोष्टी तपासायच्या: तारीख कशावरून धरली, वजन किती भरले, नमुना कसा ठेवला.

पॅप-ए ११ ते १३ आठवड्यांत झपाट्याने वाढते, आठवड्याला साधारण दीडपट. लॅबने हिला १३ आठवडे १ दिवसाची धरली, म्हणजे तिची तुलना सहा दिवसांनी पुढच्या बायकांशी केली. अपेक्षित आकडा मोठा झाला आणि हिचा एमओएम उगाच खाली गेला. सीआरएल घालून हिशेब पुन्हा केल्यावर ०.३२ चे ०.४५ झाले. धोक्याची रेघ बहुतेक ठिकाणी ०.४ च्या आसपास धरतात. ब्रिटनमधल्या मार्गदर्शकांत ०.४१५, म्हणजे खालचे ५ टक्के, हीच रेघ आहे. म्हणजे ही रेघेच्या वर आली.

इथे थांबले असते तर फाइल पुन्हा बंद झाली असती.

मग वजन पाहिले. जास्त वजनाच्या बाईच्या अंगात रक्त जास्त, म्हणून वारेतून येणारे प्रथिन त्यात जास्त पातळ होते. सॉफ्टवेअर तिच्याकडून कमी आकड्याची अपेक्षा ठेवते. ४६ किलोच्या बाईला ६४ ची धरल्यावर अपेक्षा खाली आली आणि एमओएम फुगला. खरे वजन घातल्यावर ०.४५ चे ०.३५ झाले. हे गुणक सॉफ्टवेअरगणिक थोडे इकडेतिकडे होतात, दिशा मात्र बदलत नाही. दोन चुका, एक खाली ओढणारी, एक वर ढकलणारी. दोन्ही राहिल्या असत्या तर छापलेला आकडा खऱ्याच्या जवळच दिसला असता. एकच दुरुस्त केली असती तर खोटा दिलासा मिळाला असता. म्हणून दुरुस्ती करायची तर पूर्ण फॉर्मची.

तिसरी गोष्ट नमुना. मे महिन्यातल्या दुपारी सीरम वेगळे न करता रक्त तसेच डब्यात ठेवून मोटारसायकलवरून नेले, तर फ्री बीटा एचसीजी वाढून येते, कारण उष्णतेत अख्ख्या एचसीजीचे तुकडे होऊन बीटा सुटते. त्याने डाऊनचा हिशेब बिघडतो. पॅप-ए तुलनेने टिकाऊ आहे, पण जांभळ्या झाकणाच्या नळीत, म्हणजे ईडीटीएमध्ये घेतले तर आकडा खोटा खाली जातो, कारण ते धातूवर चालणारे विकर आहे आणि ईडीटीए धातू पकडून ठेवते. लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी, गोठल्यावर लगेच सेंट्रिफ्यूज, मग २ ते ८ अंशांत प्रवास. इथे नमुना पिवळ्या नळीतच होता आणि दोन तासांत सीरम वेगळे झाले होते. तेव्हा ०.३५ खरे धरले.

पॅप-ए पुन्हा करून पाहू, असे नवऱ्याने सुचवले. चौदा आठवड्यांनंतर या कामासाठी त्याला अर्थ नाही. तो आकडा तेव्हाच्या वारेचा होता.

वार, बाळ आणि मिश्री

पॅप-ए वारेच्या बाहेरच्या थरात तयार होते. त्याचे काम एका प्रथिनाला कापणे. ते प्रथिन वाढीचा घटक आयजीएफ बांधून ठेवते. कापले की आयजीएफ सुटतो आणि वारेला, मग बाळाला मिळतो. पॅप-ए कमी म्हणजे वार सुरुवातीपासून कमी जोमाने रुजते आहे, एवढा संशय. बाळ लहान आहे असे हा आकडा सांगत नाही. बारा आठवड्यांना बाळ लहान नसतेच.

सासूबाई सोबत होत्या. "डॉक्टर, रिपोर्टवर तर लो रिस्क छापलंय."

"हो मावशी, ते डाऊनचं. बाळात तसा दोष असण्याची शक्यता कमी. ही खालची ओळ वारेची आहे. वार थोडी कमजोर असू शकते, म्हणून हिला जरा जास्त वेळा बघायचं."

"म्हणजे बाळाला काही झालंय?"

"आत्ता काही झालेलं नाही. अशा बऱ्याच जणींची बाळं चांगली वाढतात. पण ज्यांची अडकतात, त्यातल्या काही इथे दिसतात."

हा शेवटचा मुद्दा आकड्यात: शंभर बायकांत पाच जणी व्याख्येनेच ५ टक्क्यांच्या रेघेखाली असतात. त्या पाचांतल्या बहुतेकींची बाळे नीट वाढतात आणि लहान राहणाऱ्या बाळांतली बरीचशी वरच्या पंचाण्णवांतून येतात. म्हणून पॅप-ए एकट्याने निदान होत नाही. त्याने तपासणीचे वेळापत्रक बदलते. आता अनेकजणी डबल मार्करऐवजी थेट आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएची चाचणी करतात. डाऊनसाठी ती नक्कीच सरस, पण त्या रिपोर्टात पॅप-ए नसते. ही खिडकी बंद झाली आहे हे लक्षात ठेवूनच ती निवड करावी.

तंबाखूचा प्रश्न पुन्हा विचारला. "तंबाखू?" "नाही." "मिश्री लावता का?" "लावते ना. लग्न झाल्यापासून, सकाळ-संध्याकाळ." ग्रामीण महाराष्ट्रात मिश्रीला कुणी तंबाखू म्हणत नाही, ती दात घासण्याची वस्तू. गरोदरपणातली मिश्री कमी वजनाच्या बाळाशी जोडलेली आहे, आणि लॅबच्या फॉर्मवर मिश्रीचा वेगळा प्रश्न नसतो. सासूबाईंनी मिश्रीची डबी पिशवीत टाकली. त्या दिवसापासून ती बंद झाली की नाही, हे पुढच्या प्रत्येक भेटीत विचारले.

रक्तदाब बसवून, पाच मिनिटे शांत ठेवून, दोन्ही हातांवर दोन-दोनदा घेतला. चारही वाचनांची सरासरी ११२/७०, म्हणजे सरासरी धमनीदाब ८४ (खालचा दाब अधिक फरकाचा एक तृतीयांश). ॲस्पिरिन १५० मिग्रॅ रात्री झोपताना सुरू केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्रे चाचणीत हीच मात्रा ११ ते १४ आठवड्यांदरम्यान सुरू करून ३६ पर्यंत दिली होती आणि मुदतीपूर्वीचा प्री-एक्लॅम्प्सिया (कमजोर वारेशी जोडलेला, गरोदरपणी रक्तदाब चढण्याचा आजार) ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. १६ आठवड्यांनंतर सुरू केल्यास फायदा बराच घटतो. इथे दोन दिवस हाताशी होते. रिपोर्ट आला त्या दिवशी ओळ वाचली असती तर साडेतीन आठवडे मिळाले असते. ७५ ची एक गोळी देऊन समाधान मानण्याची सवय अजून आहे. धोका मान्य केला तर मात्रा पूर्ण द्यावी.

नऊ तारखेची गर्दी

एकोणीस आठवडे पाच दिवसांना ॲनॉमली स्कॅन झाले, गर्भलिंगनिदान-बंदी कायद्याचा फॉर्म एफ भरून. बाळाची रचना ठीक. इथे एक मोह टाळला: क्वाड्रुपल चाचणी (दुसऱ्या तिमाहीतली चार मार्करची रक्तचाचणी) मागवण्याचा. डाऊनचा हिशेब आधीच झाला होता. ती चाचणी दुसऱ्या कारणाने आधीच झालेली असती आणि त्यातले एएफपी हे बाळाकडून येणारे प्रथिन २ एमओएमच्या वर असते, पण मणक्याचा किंवा पोटाचा दोष नसता, तर कमी पॅप-ए आणि जास्त एएफपी ही जोडी वाईट मानतात. वार चाळणीसारखी गळते आहे असा तिचा अर्थ. पण केवळ हे पाहण्यासाठी नवी चाचणी करून हाती फारसे लागत नाही. त्या पैशात गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) होतो.

तो २३ आठवडे ४ दिवसांना झाला. दिवस महिन्याच्या ९ तारखेचा, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा, म्हणजे बाहेर बाकांवर जागा नाही आणि एका सोनोग्राफीला जेमतेम काही मिनिटे. दोन्ही बाजूंच्या धमन्यांचा सरासरी पीआय (प्रवाहाला होणारा अडथळा दाखवणारा आकडा) १.९२, दोन्हीकडे प्रवाहाच्या आलेखात खाच. या वयात १.४५ च्या आसपासच्या वर गेला की जास्त धरतात. बारा आठवड्यांना रक्ताने केलेला संशय आता प्रवाहात दिसला. बाळाचे माप अजून सामान्य.

दर दोन आठवड्यांनी वजन पाहायचे ठरले, त्याहून जवळ नाही. सोनोग्राफीवरच्या वजनात १० ते १५ टक्के चूक सहज असते. आठवड्याने मोजले तर वाढ आणि मोजणीतली चूक वेगळी काढता येत नाही. बाळाच्या वजनाचा तक्ता हॅडलॉकचा, आणि शेवटपर्यंत तोच. इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या आठ केंद्रांत नागपूर होते, त्यामुळे तो तक्ता आपल्याला जवळचा वाटतो आणि तो वापरायलाही हरकत नाही. पण एका भेटीत हा आणि दुसऱ्या भेटीत तो लावला, तर बाळ जागचे न हलता पर्सेंटाइल (शंभर बाळांत कितवे) बदलते.

२६ आठवडे २ दिवस: वजन ७४० ग्रॅम, दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली. पोटाचा घेर सर्वांत मागे, डोके जवळजवळ वयाप्रमाणे. गर्भाशयाची उंची २३ सेंमी. नाळेच्या धमनीचा पीआय १.३२, वरच्या अंगाला पण मर्यादेत. रक्तदाब ११८/७६.

घरी याचा अर्थ "हिला खायला घालत नाही" असा निघाला. सासूबाई डिंकाचे लाडू आणि प्रोटीन पावडर घेऊन आल्या. हिमोग्लोबिन ९.८ होते, त्यासाठी लोहाची मात्रा वाढवली, पण वारेतून प्रवाहच कमी जातो तेव्हा आईच्या ताटाने तो उघडत नाही. कुणीतरी अमिनो ॲसिडची सलाइन सुचवली. त्याने बाळाची वाढ सुधारल्याचा पुरावा नाही. रक्तवाहिन्या सैल करणारे सिल्डेनाफिलही अजून कागदांवर दिसते. स्ट्रायडर नावाच्या चाचण्यांतली नेदरलँड्सची शाखा २०१८ मध्ये नवजात बाळांच्या मृत्यूंमुळे थांबवली गेली. दोन्ही लिहिले नाही, आणि पूर्ण बेडरेस्टही लिहिली नाही.

एका नळीतल्या दोन चाचण्या

२८ आठवडे २ दिवस: वजन ९०५ ग्रॅम, तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली. नाळेच्या धमनीचा पीआय १.४८, ९५ व्या पर्सेंटाइलच्या वर. डायस्टोलमध्ये (हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या वेळात) प्रवाह आहे. मेंदूच्या धमनीचा पीआय ठीक. २०१६ साली डेल्फी पद्धतीने (तज्ज्ञांच्या एकमताने) ठरलेल्या निकषांप्रमाणे ३२ आठवड्यांच्या आत तिसऱ्या पर्सेंटाइलखालचे वजन एकटेच पुरेसे आहे, बाळाची वाढ खुंटल्याचे निदान झाले. रक्तदाब १३४/८६, लघवीत प्रथिन नाही.

मग आता रक्त कशासाठी? निदानासाठी नव्हे. दोन प्रश्न उरले होते. पहिला, हे वारेमुळेच आहे ना? बाळ लहान असण्याची दुसरी कारणे असतात: गुणसूत्रांचा दोष, सीएमव्हीसारख्या विषाणूचा संसर्ग, किंवा नुसतेच घराण्याने लहान. त्यात वारेचे मार्कर बहुधा ठीक येतात. दुसरा, आईचा रक्तदाब येत्या आठवड्यांत भडकणार आहे का? दिंडोरीत राहणाऱ्या बाईला कुठे ठेवायचे हे त्यावर ठरते.

पीएलजीएफ हे प्रथिन वारेतून येते आणि रक्तवाहिन्या घडवते; ३० आठवड्यांच्या आसपासपर्यंत वाढते, मग उतरते. एसएफएलटी-१ हे दुसरे प्रथिन रक्तात मोकळे फिरून त्याला पकडून ठेवते. ऑक्सिजनला मोताद झालेली वार एसएफएलटी-१ जास्त सोडते आणि पीएलजीएफ कमी. म्हणून दोन्हींचे गुणोत्तर.

रिपोर्ट: एसएफएलटी-१ ५,५८६, पीएलजीएफ ३८ पिकोग्रॅम प्रति मिली, गुणोत्तर १४७. रोशच्या इलेक्सिस चाचणीवर ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढचा एक आठवडा प्री-एक्लॅम्प्सिया येण्याची शक्यता फार कमी, आणि ३४ आठवड्यांच्या आत ८५ च्या वर असेल तर बळकट संशय. ३४ नंतर ती वरची रेघ ११० ची. हे आकडे त्याच यंत्राचे. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या क्रिप्टर यंत्रावर रेघ ४० ची आहे आणि तिचा अर्थ वेगळा मांडतात. ट्रायज यंत्र फक्त पीएलजीएफ मोजते. तिथे १०० खाली कमी आणि १२ खाली फार कमी. रिपोर्टवर यंत्राचे नाव नसेल तर लॅबला फोन करावा, आणि एका लॅबचा आधीचा आकडा दुसरीच्या नव्या आकड्याशी जोडून 'वाढला' किंवा 'उतरला' म्हणू नये.

नमुना देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले होते. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी चालू आहे का? अशा गोळ्यांत ५ ते १० मिग्रॅ बायोटिन असते आणि बायोटिनवर चालणाऱ्या यंत्रांवर या जातीच्या चाचण्यांचे आकडे खोटे खाली येऊ शकतात. हेपारिनचे इंजेक्शन चालू आहे का? त्याने एसएफएलटी-१ वाढते. कुणी सिगारेट ओढते का? सिगारेट ओढणाऱ्या बाईचे पीएलजीएफ उलट वर दिसते. बाळाला त्रास, आणि आकडा चांगला. तिन्हींचे उत्तर 'नाही' असे आले.

१४७ पाहून लगेच स्टेरॉइड द्यावे, असा आग्रह झाला. दिले नाही. बाळाच्या फुप्फुसांसाठीच्या या इंजेक्शनांचा सर्वाधिक उपयोग प्रसूती पुढच्या सात दिवसांत झाली तर. नाळेत प्रवाह होता, हृदयाचे ठोके ठीक होते, रक्तदाब १४० च्या खाली होता. गुणोत्तर प्रसूतीचा दिवस सांगत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनातही या चाचण्या मुदतीपूर्वीच्या प्री-एक्लॅम्प्सियाच्या संशयासाठीच मान्य केल्या आहेत. बाळ कधी काढायचे हे त्यावरून ठरवायचे नाही. दर आठवड्याला गुणोत्तर पुन्हा करण्यातही मतलब नाही. एकदा इतके वर गेल्यावर पुढचे निर्णय डॉपलर, ठोके आणि आईचे रक्त यांवर.

आकड्याने जे बदलले ते असे: तिला नाशिकमध्ये नातेवाइकांकडे, सिडकोत राहायला सांगितले. घरी रोज दोनदा रक्तदाब, वहीत लिहून. आठवड्यातून दोनदा डॉपलर आणि एनएसटी (बाळाच्या ठोक्यांची नोंद). बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात नाव नोंदवले आणि रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला. डोके दुखणे, डोळ्यांपुढे चमकणे, बरगडीखाली दुखणे, बाळाची हालचाल कमी होणे यांतले काहीही झाले तर वाट पाहायची नाही.

शून्य प्रवाह

३० आठवडे १ दिवस. वजन १,०६० ग्रॅम. नाळेच्या धमनीत डायस्टोलमध्ये प्रवाह शून्य, दोन्ही टोकांना पाहून. हे पाहताना एक साधी चूक होते: यंत्रातला वॉल फिल्टर (मंद प्रवाह गाळून टाकणारी सेटिंग) जास्त ठेवला किंवा कोन वाकडा धरला तर कमी प्रवाहही शून्य दिसतो. फिल्टर सर्वांत खाली आणून, बाळ स्थिर असताना, नाळेच्या मोकळ्या भागात पुन्हा पाहिले. शून्यच. डक्टस व्हेनोसस या बाळाच्या हृदयाकडे जाणाऱ्या शिरेतली ए लाट वर होती, म्हणजे बाळाचे हृदय अजून निभावत होते. रक्तदाब १४८/९६, लघवीतले प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.९ (०.३ पासून पुढे जास्त). बारा आठवड्यांना ज्याचा वास आला होता तो प्री-एक्लॅम्प्सिया दारात आला.

भरती केले. रक्तदाबासाठी लॅबेटालॉल १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, नंतर २००. आता स्टेरॉइड: डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ, १२ तासांच्या अंतराने चार इंजेक्शने. सीटीजी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख) दिवसातून दोनदा. संगणकीय सीटीजी असेल तर २९ ते ३१ आठवडे ६ दिवसांत एसटीव्ही (ठोक्याठोक्यातला चढउतार) ३ मिलिसेकंदांखाली गेला की बाळ काढायचे. ते नसेल तर डोळ्यांनी, आणि शक्यतो दोघांनी पाहून. स्टेरॉइडनंतर दोन दिवस ठोक्यांतला चढउतार कमी दिसू शकतो. तो औषधाचा परिणाम, त्यावर घाईने शस्त्रक्रिया करू नये.

शून्य प्रवाहाला साधारण ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत थांबता येते, बाकी सगळे ठीक असेल तर. इथे बाकी सगळे ठीक राहिले नाही. प्लेटलेट १ लाख ६२ हजारांवरून १ लाख १८ हजारांवर आल्या, आणि ३१ आठवडे ५ दिवसांना पहाटेच्या सीटीजीवर ठोके वारंवार खाली जाऊ लागले. मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम २० मिनिटांत शिरेतून, मग तासाला १ ग्रॅम. बाळाच्या मेंदूसाठी आणि आईच्या झटक्यांपासून बचावासाठी, एकाच औषधात दोन्ही. गुडघ्याचे रिफ्लेक्स, श्वास आणि लघवी दर तासाला. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट बाजूला भरून ठेवलेले. स्पायनल देऊन सिझेरियन. ॲस्पिरिनमुळे स्पायनल अडत नाही.

मुलगी, १,१८० ग्रॅम. रडली. तीन दिवस सीपॅप (नाकातून दाबाने हवा), मग आईचे दूध नळीने, दिवसाला थोडे थोडे वाढवत. शून्य प्रवाहाच्या बाळांचे आतडे नाजूक असते, म्हणून दूध सावकाश. पुढे छातीशी बांधून कांगारू पद्धत. सासूबाई आळीपाळीने बसल्या.

वार २१० ग्रॅमची होती, या वयाला बरीच लहान, आणि आईकडच्या बाजूला घट्ट पांढरट मेलेले भाग. फॉर्मेलिनमध्ये ठेवून तपासणीला पाठवली, सोबतच्या चिठ्ठीवर पॅप-ए, गुणोत्तर आणि डॉपलर लिहून. नुसते 'वार' लिहून पाठवले तर पॅथॉलॉजिस्टला काय शोधायचे ते कळत नाही.

आईचा रक्तदाब सहाव्या आठवड्याला १२२/८० होता, औषधाशिवाय. मातृ व बाल संरक्षण कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेवर चार ओळी लिहिल्या: पॅप-ए ०.३५ (सीआरएल आणि खरे वजन धरून). ३१ आठवडे ५ दिवसांना प्रसूती, १,१८० ग्रॅम, प्री-एक्लॅम्प्सिया. पुढच्या गरोदरपणी १२ आठवड्यांच्या आत यावे, ॲस्पिरिन १५० तेव्हापासून. मिश्री नको. आशाताईंनी त्या ओळींचा मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि विचारले, "सीआरएल म्हणजे तो स्कॅनवरचा ५७ ना?"